जुलैत नको, फेब्रुवारीत या : डोंगरात झाडं लावायला येणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणजे कंपनीवाले, क्लबवाले, कॉलेजवाले, गणपती मंडळवाले, सोसायटीतले काका-काकू, ट्रेकिंग ग्रुप, आणि ज्यांनी मागच्या पावसात आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या सपाटीवर, फोटो काढून "आज आम्ही जंगल उभं केलं" असं स्टेटसला टाकलं होतं ते सगळेच. राग धरू नका, पण किती दिवस मनात ठेवायचं म्हणून शेवटी लिहायला बसलोय. वनखात्याची माणसं पण वाचतीलच, त्यांनाही मध्ये मध्ये बोलणार आहे.

मी भोर तालुक्याच्या पश्चिमेचा, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. या पट्ट्याला हिरडस मावळ म्हणतात, हे नाव हिरड्याच्या झाडांवरनं पडलं असं आमची म्हातारी माणसं सांगतात. माझी नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार गावाला, आणि गावच्या वनसमितीत माझं नाव आहे, म्हणजे सही करायला तरी आहे.

तर मागच्या जुलैची गोष्ट. दोन बस आणि मागून एक टेम्पो आला, टेम्पोत ६०० रोपं, बसमध्ये हिरव्या टी-शर्टातली माणसं. पोहे, चहा, बॅनर, सगळं व्यवस्थित. खड्डे आधीच गावच्या पोरांनी रोजावर मारून ठेवलेले, पण थोडे कमी पडले म्हणून एका दादाने स्वतः कुदळ घेतली, चांगल्या मनाचा माणूस, पावसात घाम गाळत होता, आणि जागा मोकळी करायला म्हणून त्याने कोयत्याने एक झुडूप साफ केलं. ते झुडूप नव्हतं हो. ऐनाचा खुंट होता. आजोबांच्या काळात कधीतरी तोडलेला, तरी जमिनीखालचं मूळ जिवंत, आणि त्याला अंगठ्याएवढे जाड सात-आठ फुटवे आलेले, एकेक माझ्या कमरेइतका उंच. ते सगळे साफ करून, खुंटाला खेटूनच खड्डा घेऊन, त्यात दादाने लावलं गिरिपुष्प. मग माती दाबली, टाळ्या झाल्या. आणि मी काय केलं? मी म्हणलं, "दादा, पोहे घ्या, गार होतील."

ते न बोलणं वर्षभर सलतंय म्हणून हे पत्र.

आधी गिरिपुष्पाबद्दल. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. शेताच्या बांधाला, हिरवळीच्या खताला ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोंगरात ते का लावतात माहितीये? नुसती काडी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं, आणि आमच्याकडची गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे दुसऱ्या वर्षी मोजायला साहेब आले की जगलेल्या रोपांचा आकडा झकास दिसतो. फेब्रुवारी-मार्चात गुलाबी-पांढरी फुलं येतात, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. पण गुरं खात नाहीत, शेकरूच्या कामाचं नाही, आमच्या बायांना विकायला त्याचं फळ नाही, मग डोंगरात ते उभं राहून करतं काय हे मला कुणीतरी सांगा. तीच गत ऑस्ट्रेलियन बाभळीची, एका काळी सामाजिक वनीकरणात ती डोंगरभर लावली, आज तिच्याखाली जाऊन बघा, नुसता कोयरीसारख्या वाळक्या पानांचा थर, पाय ठेवला की कुरकुर वाजतो.

आता तुम्ही म्हणाल आम्ही देशी पण लावतो, वड-पिंपळ-कडुलिंब. अहो पण साडेतीन-चार हजार मिलिमीटर पावसाच्या डोंगरात कडुलिंब? कडुलिंब देशावरचा, कोरड्या मुलखातला माणूस. देशी म्हणजे देशात कुठंही चालतं असं नसतं. आमच्याकडचे म्हणजे ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, अंजन, पिसा, कुंभा, आसाणा, गेळा, खाली करवंद, तोरण आणि उतारावर कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे तुम्हाला माहिती असतं, पण उरलेली सहा वर्षं ती उताराची माती धरून बसलेली असते हे फोटोत येत नाही. आमच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती पण कारवीच्याच.

दुसरं, सडा. तुम्ही ज्या सपाटीवर झाडं लावता तिला तुम्ही आणि तलाठ्याचा कागद दोघंही पडीक म्हणता. मार्चमध्ये आलात तर खरंच टकलासारखा दिसतो. पण दगडावर दोन-चार बोटं माती आहे तिथं, आणि त्या मातीत काय काय आहे ते सप्टेंबरात या म्हणजे कळेल, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, तेरडा, जिकडं तिकडं. कास पठार हे पण सडाच की. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या त्यात कास आहे, साडेआठशेच्या वर जातींच्या फुलझाडांची तिथं नोंद आहे, आणि तिथं झाडी दाट असती तर त्यातली बहुतेक फुलं नसतीच, त्यांना ऊनच लागतं. कासला तुम्ही तिकीट काढून जाता आणि आमच्या सड्यावर पहारीने दीड बाय दीडचा खड्डा मारता. पहार दगडावर आपटते तेव्हा ठिणग्या उडतात, तेवढ्यावरनं तरी समजायला पाहिजे की इथं झाडाने यायचं नाही असं डोंगरानेच ठरवलंय.

आणि एक, सड्यावर पावसाचं पाणी साचतं, भेगांतनं मुरतं आणि खाली आमच्या पाणवठ्याला झऱ्याने येतं. आमची आई एप्रिलपर्यंत त्याच झऱ्याचं पाणी भरायची.

आकड्यांचं पण बोलूया, कारण तुम्हाला आकडे आवडतात. राज्यात २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडं लावायची ठरली, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. सरकार बदललं, मग किती जगली यावरनं भांडणं, २०२१ मध्ये चौकशीला विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. मी कुठल्या पक्षाच्या बाजूने बोलत नाही, सगळ्यांच्या राज्यात आमच्या गावात खड्डे त्याच जागी पडतात, काही खड्डे तर आम्ही नावाने ओळखतो. आणि हे ग्रीन क्रेडिट, म्हणजे झाडं लावा आणि बदल्यात क्रेडिट कमवा ही केंद्राची योजना, त्याच्या २०२४ च्या नियमात हेक्टरी किमान ११०० झाडं असं लिहिलं होतं. आता हेक्टरी ११०० हा हिशोब सड्याला कसा लावायचा, गवताळ माळाला कसा लावायचा? जिथं शून्य झाडं हाच निरोगी आकडा आहे तिथं तुम्ही नापास.

बरं, आता खरी गोष्ट. वणवा.

तुमची ती ६०० रोपं जुलै ते फेब्रुवारी बरी होती. ऐन-हिरड्याची थोडी होती तीपण जगली होती, मी मुद्दाम बघून आलो होतो. मार्चमध्ये एका शनिवारी रात्री नऊ-साडेनऊला जेवताना वास आला. बाहेर येऊन बघितलं तर वरच्या सोंडेवर आगीची रेघ, जणू कुणी डोंगराला लाल करदोटा बांधलाय. आम्ही अकरा जण गेलो. हातात काय, तर वाटेत तोडलेले जांभळीचे ओले डहाळे. त्याने झोडपत झोडपत आग मारायची, तोंडाला टॉवेल, आणि वाऱ्याने तोंड फिरवलं की मागं पळायचं. वाळलेलं गवत जळताना जो आवाज येतो तो लांबून पावसासारखा वाटतो, लहानपणी मी फसलो होतो त्या आवाजाला. पहाटे तीनला विझली असं वाटून खाली आलो, आणि सहाला परत पेटली, कारण वाळकं शेण आणि पडलेली खोडं आतून धुमसत राहतात, वारा आला की परत धरतात. एकाच्या चपला वितळून पायाला चिकटल्या. टिटवीची अंडी होती सड्यावर, टिटवी दुसऱ्या दिवशी पण तिथंच ओरडत फिरत होती, ते मात्र ऐकवत नव्हतं.

रोपं सगळी गेली. बांबूच्या काठ्या गेल्या. राहिल्या त्या तुमच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या, काळ्या पडलेल्या पण नावं वाचता येतात. ४० गोळा केल्या, पोत्यात भरून पडवीत ठेवल्यात.

आता तुम्ही विचाराल वणवा लावतं कोण. आम्हीच लावतो. म्हणजे पर्यटकाची सिगारेट, रात्री तंबूपुढची शेकोटी हे पण असतं, पण बहुतेक वेळा आमच्यातलंच कुणीतरी. माझ्या सख्ख्या चुलत्याने लावलेला मी बघितलाय, मी आठ वर्षांचा असेन, काडेपेटी मीच नेऊन दिली होती. कुणी राब भाजताना पेटतो, भाताच्या रोपासाठी शेण, पालापाचोळा, झाडांचे टाळ अंथरून भाजतात, वारा सुटला की ठिणगी गेली. कुणी वाट मोकळी व्हावी म्हणून लावतं, कुणाला रानडुकराची नाहीतर बिबट्याची भीती, कुणाला शिकार. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे जाळलं की पुढल्या पावसात गवत चांगलं येतं ही समजूत. आणि ती निव्वळ खुळचट नाही, हे शहरातल्या माणसांनी समजून घ्या. काळ्या जमिनीवर पहिला कोंब लवकर दिसतो, राखेने थोडा जोर पण येतो. पण चार-पाच वर्षं लागोपाठ जाळलं की पवन्या, मारवेल अशी गुरांची आवडती गवतं मागं पडतात आणि कुसळ वाढतं, कारण कुसळाला आग सोसते. कुसळ एकदा निसवलं की गुरांच्या तोंडात टोचतं. हे मला शिकून कळलं नाही, चुलत्यालाच म्हातारपणी कळलं, "पवना कुठं गेला रं?" असं तो स्वतःच विचारायचा. शिवाय जळालेल्या उताराची माती जूनच्या पहिल्या वळवालाच ओढ्यात, ओढा लाल होऊन धरणात, आणि मग धरणात गाळ साचला म्हणून परत कुणाचं तरी टेंडर.

राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण कोण कुणाचं नाव सांगणार, संध्याकाळी एकाच पारावर बसायचंय. उपग्रहावरनं आगीचा मेसेज आता मोबाईलवर येतो, चांगली सोय आहे, पण मेसेजने आग विझत नाही. आमच्या बीटचा वनरक्षक एकटा, त्याच्याकडं एक ब्लोअर आणि एक मोटारसायकल, आणि त्याच रात्री दोन डोंगर पेटलेले. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

आता तुम्हाला एक जागा सांगतो, पत्र लिहायचं खरं कारण ती जागा आहे. आमच्या वरच्या वाडीच्या मागं दोन-अडीच एकराचा एक उतार आहे. २०११ पासून त्यावर भावकीची केस चालू आहे. दोन चुलत भाऊ, दोघांचा दावा, कोर्टाचा स्टे. तेव्हा तिथं नुसतं गवत होतं आणि तोडलेले खुंट. केसमुळं कुणी तोडायचं नाही, कुणी गुरं घालायची नाहीत, कारण एकाने शेळी घातली की दुसरा लगेच पोलिसात. आणि समोरचा मुद्दाम जाळील या संशयाने दोघंही दर वर्षी माघ महिन्यात आपापल्या बाजूने हद्दीवर आठ-दहा फूट पट्टा कोयत्याने साफ करून, गवत बेताने जाळून घेतात. म्हणजे वनखातं ज्याला जाळरेषा म्हणतं ती या दोघांनी एकमेकांवरच्या रागातनं फुकटात करून दिली, तीही दुहेरी, न चुकता दर वर्षी.

आज तिथं जाऊन बघा. पहिली दोन-तीन वर्षं नुसतं गवत गळ्याइतकं वाढलं. मग करवंदीच्या आणि तोरणीच्या जाळ्या झाल्या, घाणेरी पण आली, खोटं कशाला सांगू. त्या जाळ्यांच्या आडोशाने खुंटांचे फुटवे वर आले, ऐन, आसाणा, कुंभा, दोन हिरडे. मग बुलबुलांनी आणि वटवाघळांनी बाकीचं काम केलं, जांभूळ, उंबर, कुणीही न लावलेले. आता ऐन घराच्या आढ्याच्या वर गेलेत, खाली सावलीत घाणेरी आपोआप मागं पडत चाललीये, आणि दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या जंगलातलं शेकरू तिथं येऊन घरटं बांधून गेलं. एक रोप लावलेलं नाही, एक खड्डा नाही, पाट्या नाहीत. दोन्ही भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. गावातली पोरं त्या जागेला "कोर्टराई" म्हणतात.

देवराया पण अशाच टिकल्या ना, तिथं देवाची भीती होती, इथं वकिलाची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या भागातल्या देवरायांचा अभ्यास केला होता, तेव्हापासून शास्त्रज्ञ सांगतायत की जुन्या जंगलाचं बियाणं या तुकड्यांत शिल्लक आहे. देवराईतनं पाखरू बी घेऊन उडतं, ते पडायला आणि रुजायला न जळालेली जागा पाहिजे. एवढंच पाहिजे त्याला.

म्हणून म्हणतोय, सह्याद्रीच्या या पावसाळी पट्ट्यात झाड लावणं हे शेवटचं काम आहे, पहिलं काम आग अडवणं. खुंट जिवंत आहेत खाली. दर वर्षी फुटतात, दर वर्षी जळतात.

दरडींचं पण या निमित्ताने बोलतो, कारण तुमच्या बॅनरवर "दरड रोखा, झाडे लावा" होतं. आमचा वरंधा घाट उतरला की खाली महाड तालुका, तिथलं तळीये २०२१ च्या २२ जुलैला गेलं, ८० च्या वर माणसं. आमच्याकडचा घाटही बंद होता, आम्ही रात्रभर जागे. २०१४ च्या ३० जुलैला माळीण, १५१ माणसं, आणि बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला केरळात वायनाड. झाड असलं की दरड पडतच नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, एका दिवसात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडल्यावर डोंगर झाडासकट खाली येतो. पण उताराच्या पोटात जेसीबी घालून रस्ता काढायचा, फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे, राडारोडा ओढ्यात ढकलायचा, आणि मग त्याच उताराच्या वर जाऊन रोपं लावायची, याला काय म्हणावं. (तुमच्यातल्या काहींचे प्लॉट आमच्या शेजारच्या गावात आहेत, मला माहितीये, सातबारा ऑनलाईन दिसतो.) पश्चिम घाटातल्या इको सेन्सिटिव्ह एरियाचे, म्हणजे जिथं खाणी, मोठी बांधकामं यांवर बंधनं येणार त्या पट्ट्याचे, २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले. आमच्या गावातही त्याला विरोध झाला, कारण कुणी नीट समजावलंच नाही, घराची कौलं पण बदलता येणार नाहीत असं सांगत फिरले लोक. तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी.

तर तुम्ही काय करा. फेब्रुवारीत या. पावसाची मजा नसेल, ऊन असेल, गवत अंगाला टोचेल. येताना कोयता-विळे आम्ही देऊ. सोंडेसोंडेने जाळरेषेचे पट्टे काढायचेत, वनरक्षकाला विचारून, त्याच्यासमोर, वाऱ्याचा अंदाज घेऊन. दोनशे माणसं एक दिवस आली तर आमचा निम्मा डोंगर बांधून होईल. नायलॉनचे टी-शर्ट मात्र घालू नका, ठिणगी पडली की अंगाला चिकटतात, जुना सुती शर्ट घाला.

आणि पैसे. आगीचा मोसम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. या चार महिन्यांत गावातली दोन पोरं राखणीला ठेवली, रोज ५०० रुपये धरले तरी दोघांचे १२० दिवसांचे १ लाख २० हजार होतात. तुमच्या दोन बस, टेम्पो, रोपं, टी-शर्ट, बॅनर, नाष्टा, ड्रोनवाला यांचा हिशोब तुम्हीच घाला. पोरं कोण ठेवायची ते आम्ही ग्रामसभेत ठरवू, आणि खरं सांगू का, जो आग लावतो त्यालाच राखणीला ठेवायचं, हे आमच्या सरपंचबाईंचं डोकं आहे, मला पटलंय. वर्ष संपलं आणि डोंगर जळाला नाही तर वाडीला गवत कापून न्यायचा हक्क आणि वर काहीतरी बक्षीस ठेवा, मंदिराच्या पत्र्याला, शाळेच्या नळाला, काहीही. मग बघा कोण कुणाची काडेपेटी काढून घेतं.

वनखात्याला एवढंच, लक्ष्य रोपांचं देऊ नका, न जळालेल्या हेक्टरचं द्या. दोन वर्षांनी मोजा, पाच वर्षांनी मोजा, सड्यावरचे खड्डे बंद करा, आणि नर्सरीत हिरडा ठेवा. हिरड्याचं वेगळं दुखणं आहे, आम्ही विकतो तो बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ वाळवलेलं, त्यात रुजण्यासारखं बीच तयार झालेलं नसतं, आणि सगळ्याच झाडांचा कोवळा झोडून काढला तर नवीन हिरडा यायचा कुठून. दर वाडीने दहातली दोन झाडं बियांसाठी राखून ठेवायची असं आम्ही यंदा ठरवलंय. त्या पक्क्या फळांची रोपं करायला आम्हाला जागा आणि पिशव्या द्या, बाकी आमच्या बाया करतात. अशी रोपं तयार झाली तर ती लावायला जुलैतही या की, जिथं खुंटच उरले नाहीत अशा जागा आहेत दोन-तीन, मी दाखवतो.

त्या दादाचं नाव मला माहिती नाही. तो वाचत असेल तर त्याला सांगायचंय की ऐन मेला नाही. वणव्यातनं पण वाचला. मागच्या आठवड्यात गेलो होतो, खुंटाला नवीन पाच फुटवे आलेत, वीतभर, लालसर पानं.

पाट्या न्यायच्या असतील तर पोतं पडवीतच आहे. ३८ आहेत. दोन काकूने कणगीला उंदराने पाडलेल्या भोकांवर ठोकल्यात, त्या मिळणार नाहीत.

तुमचा,
हिरडस मावळातला एक वनसमितीवाला